मोटारीचा कोन सांगणारा तराजू

रॅपियर मागाच्या पडद्यावर एके दिवशी 'रिझॉल्व्हर फॉल्ट' अशी अक्षरे येतात आणि माग जागच्या जागी थांबतो. मालक फोन लावतो, दुरुस्तीवाला येतो, मोटारीकडे पाहतो आणि सांगतो, "शेठ, मोटार गेली, नवी मागवा." कधी हे खरेही असते. पण अनेकदा दोष मोटारीत नसून एका तारेत, प्लगच्या एका पिनेत किंवा नियंत्रण पेटीतल्या एका चुकीच्या आकड्यात असतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार होतो. त्याची किंमत मालक मोजतो, ताक्यावर थांब्याचा डाग पडला तर तो माल व्यापारी कमी भावाने घेतो आणि जे काम आपल्या गल्लीतल्या कारागिराला मिळायचे ते परगावी जाते.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत साध्या मागाची मोटार जाळली तर ती सायंकाळपर्यंत पुन्हा भरून देणारे उस्ताद पुष्कळ आहेत. त्यांच्या बोटांना तांब्याची तार ओळखते. पण सर्वो मोटार समोर आली की हेच उस्ताद हात मागे घेतात. कारण विचारले तर म्हणतात, "त्यात इलेक्ट्रॉनिक आहे." वास्तविक रिझॉल्व्हर या वस्तूत इलेक्ट्रॉनिक काहीच नसते. तेही तांबे आणि पोलादच आहे. इलेक्ट्रॉनिक आहे ते त्याच्या दुसऱ्या टोकाला, नियंत्रण पेटीत. मी कापडाचा व्यापारी आहे, इंजिनिअर नव्हे. पण ज्या यंत्रावर आपला माल विणला जातो त्याचा हिशेब समजून घ्यावा, म्हणून जाणकारांकडून हे शिकलो आणि ते साध्या भाषेत वाचकांपुढे ठेवत आहे.

रिझॉल्व्हर कशासाठी?

साधी इंडक्शन मोटार चालवायला तिचा दांडा या क्षणी कुठे आहे हे जाणण्याची गरज नसते. वीज दिली की ती फिरते. सर्वो मोटारीचे तसे नाही. तिच्या रोटरवर कायमचे चुंबक असतात. ते चुंबक नेमके कोणत्या कोनात आहेत हे कळल्याशिवाय कोणत्या वेटोळ्यात किती प्रवाह सोडायचा हे ठरवता येत नाही. म्हणून मोटारीच्या मागच्या टोकाला कोन मोजणारे साधन बसवतात. काही मोटारींत ते एन्कोडर असते, तर काहींत रिझॉल्व्हर. मागाचा ताणा सोडणारी आणि कापड गुंडाळणारी सर्वो मोटार असो, सीएनसी लेथ असो की विजेवर चालणारी मोटारगाडी, या दोहोंपैकी एक साधन पुष्कळ ठिकाणी सापडते. साध्या ई-रिक्षांमध्ये बहुधा हॉल सेन्सर असतात. ते साधन वेगळे, त्यांचा विषय येथे नाही.

रिझॉल्व्हरचे घराणे जुने आहे. सिंक्रो नावाचे त्याचे भावंड दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरील तोफांचा कोन कळवण्यासाठी वापरले जात असे. इतके जुने साधन आजही टिकून राहिले याला कारण आहे. प्रकाशावर चालणाऱ्या एन्कोडरमध्ये बारीक रेघांची चकती असते आणि सोबत नाजूक सर्किट असते. तिला तेल, तूस, धूळ आणि उष्णता यांचे वावडे. रिझॉल्व्हरमध्ये तांब्याच्या गुंडाळ्या आणि पोलादाच्या पट्ट्या यांखेरीज काही नसल्यामुळे ते मोटारीच्या उष्णतेत आणि हादऱ्यांत निभावून नेते. जपानमध्ये १९९७ साली टोयोटाची प्रियस ही पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणारी गाडी बाजारात आली. त्यानंतर जसजशा विजेच्या गाड्या वाढल्या, तसतशी रिझॉल्व्हरची मागणीही वाढली.

दोन पारड्यांचा हिशेब

रिझॉल्व्हर म्हणजे फिरणारा ट्रान्सफॉर्मर होय. त्याला साधारणपणे सहा तारा असतात. एका जोडीतून बाहेरची चेतना आत जाते, तिला एक्सायटेशन म्हणतात. या जोडीवर बहुधा आर-१ आणि आर-२ असे लिहिलेले असते. उरलेल्या दोन जोड्या उत्तर घेऊन बाहेर येतात. एक साइनची, दुसरी कोसाइनची. या दोन गुंडाळ्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात. दांडा फिरला की एकीतला व्होल्टेज वाढतो आणि दुसरीतला कमी होतो.

हे तराजूसारखे आहे. समजा, साइनच्या जोडीत ३ व्होल्ट आणि कोसाइनच्या जोडीत ४ व्होल्ट आले. तीन भागिले चार, यावरून कोन निघतो सुमारे ३६.९ अंश. आता काही कारणाने चेतनेचा व्होल्टेज निम्मा झाला. साइनमध्ये १.५ आणि कोसाइनमध्ये २ व्होल्ट उरतील. भागाकार तोच, म्हणून कोनही तोच. दोन्ही पारड्यांतून सारखेच वजन कमी झाले तर काटा हलत नाही. रिझॉल्व्हरच्या भरवशाचे रहस्य यात आहे. उष्णतेने किंवा लांब तारेने दोन्ही सिग्नल सारखेच क्षीण झाले तरी कोन बिघडत नाही.

पण एकाच पारड्यात खोट असली तर काटा खोटे सांगू लागतो. साइन आणि कोसाइन यांच्या मापात फक्त १ टक्का फरक पडला तर कोनात ०.३ अंशापर्यंत चूक येते. ती चूक दांड्याच्या एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. मोटारीला चुंबकाच्या ध्रुवांच्या चार जोड्या असतील तर विजेच्या हिशेबात ती चौपट धरावी लागते, म्हणजे सव्वा अंशाच्या जवळ. फरक १० टक्के झाला तर हाच आकडा ११ अंशांच्या पुढे जातो. मोटार गुरगुरते, तापते, पण बंद पडत नाही. म्हणूनच हा दोष अनेक महिने लपून राहतो.

आणखी एक जात आहे. तिच्यात सगळ्या गुंडाळ्या बाहेरच्या स्थिर भागावर असतात आणि दांड्यावर फक्त पाकळ्यांसारख्या आकाराचा पोलादी तुकडा असतो. विजेच्या गाड्यांत ही जात पुष्कळ दिसते. तिच्यात पाकळ्या जितक्या, तितक्या वेळा एका फेऱ्यात कोन शून्यापासून ३६० पर्यंत जाऊन येतो. म्हणून नियंत्रण पेटीला पाकळ्यांची संख्या बरोबर सांगावी लागते. चार पाकळ्यांचा रिझॉल्व्हर आणि सेटिंगमध्ये एक, असे असेल तर मोटार झटके देईल किंवा मुळीच फिरणार नाही.

एक्सायटेशन कसे तयार होते?

आता नियंत्रण पेटीकडे येऊ. तिच्या मध्यभागी मायक्रोकंट्रोलर नावाची चिप असते. मोटारीचा प्रवाह ठरवणे, कोन वाचणे, वेग राखणे ही सगळी कामे तीच करते. रिझॉल्व्हरला जी चेतना लागते ती साधारणपणे १० किलोहर्ट्‌झच्या आसपासची साइन लहर असते, म्हणजे एक लहर १०० मायक्रोसेकंदांत पूर्ण होते. व्होल्टेज बहुधा ४ ते ७ व्होल्टच्या दरम्यान असतो. नेमका आकडा रिझॉल्व्हर बनवणाऱ्याच्या पत्रकात दिलेला असतो आणि तोच धरायचा.

चिप स्वतः गुळगुळीत लहर काढत नाही. ती फक्त चालू आणि बंद असे वेगवान ठोके देते. ठोक्यांची रुंदी हळूहळू वाढवत आणि कमी करत नेली, म्हणजे त्यांच्या सरासरीत लहरीचा आकार येतो. मग रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा फिल्टर हे ठोके गाळून टाकतो आणि साइन लहर उरते. काही चिपमध्ये थेट पायऱ्या-पायऱ्यांनी व्होल्टेज देणारी सोय असते. तेथेही पायऱ्या पुसायला फिल्टर लागतोच.

यानंतर अँप्लिफायर येतो. तो का लागतो? १० किलोहर्ट्‌झला अनेक रिझॉल्व्हरांचा विरोध शंभर ओहमच्या आसपास असतो. ७ व्होल्ट दिले की ७० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. चिपची पिन तर काही मिलिअँपिअरच देऊ शकते. पिनेवर हा भार टाकणे म्हणजे शाळकरी पोराच्या डोक्यावर सुताची गोणी देण्यासारखे आहे.

व्होल्टेज किती ठेवावा यातही मध्यम मार्ग चांगला. जास्त दिला तर पोलाद भरून जाते, लहरीचा माथा चपटा होतो आणि अँप्लिफायर तापतो. कमी दिला तर परत येणारा सिग्नल इतका क्षीण होतो की शेजारच्या मोटार केबलचा गोंगाट त्याच्यावर मात करतो.

इनपुटचे माप

परत येणारे सिग्नल चिपला जसेच्या तसे देता येत नाहीत. एक हिशेब करून पाहू. चेतना ७ व्होल्ट, रिझॉल्व्हरचे गुणोत्तर ०.५. तेव्हा बाहेर येणार जास्तीत जास्त ३.५ व्होल्ट. हा मल्टिमीटरवरचा आकडा झाला, लहरीचा माथा मात्र ४.९५ व्होल्टपर्यंत जातो, तोही शून्याच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंना. चिपचे इनपुट मात्र ० ते ३.३ व्होल्ट इतकेच समजते, काही चिपमध्ये ० ते ५. उणे व्होल्टेज आला तर पिनेला इजा होते.

म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. सिग्नल लहान करायचा आणि त्याचा मध्य वर उचलायचा. ३.३ व्होल्टच्या चिपमध्ये मध्य १.६५ वर ठेवतात. दोन्ही बाजूंना थोडी जागा राखून लहर वर-खाली १.४ व्होल्टपर्यंत जाऊ द्यावी. ४.९५ चे १.४ करायचे म्हणजे ०.२८ ने गुणायचे. तेवढ्या मापाचे रेझिस्टर लावायचे आणि दोन्ही मार्गांवर ते तंतोतंत सारखे ठेवायचे. ५ टक्के फरकाचे स्वस्त रेझिस्टर वापरून वाचवलेले पैसे पुढे महाग पडतात, कारण वर सांगितलेली एका पारड्याची खोट येथूनच शिरते.

मध्यबिंदूत खोट असेल तर चूक एका फेऱ्यात एकदा येते. तिच्यावर उपाय सोपा आहे. लहरीच्या वरच्या माथ्यावर एक वाचन आणि खालच्या तळावर एक वाचन घ्यायचे व दुसरे पहिल्यातून वजा करायचे. मध्याची खोट दोन्हींत सारखीच असल्यामुळे ती आपोआप निघून जाते.

वेळ साधणे हेच खरे हुनर

साइन लहरीचा मोठा आकार माथ्यावर असतो, शून्य ओलांडताना काहीच नसते. म्हणून चिपने वाचन माथ्यावर घ्यायला हवे. पण चेतना पिनेवरून निघाल्यापासून फिल्टर, अँप्लिफायर, रिझॉल्व्हर आणि केबल यांतून फिरून परत येईपर्यंत तिला उशीर होतो. लहरीच्या मापाने १० अंश उशीर झाला, तर १० किलोहर्ट्‌झला तो २.८ मायक्रोसेकंद भरतो. वाचनाची वेळ तेवढीच पुढे ढकलावी लागते.

येथे एक बारकावा आहे. वेळ थोडी चुकली तर कोन लगेच चुकत नाही, कारण दोन्ही पारडी सारखीच हलकी होतात. १० अंशांच्या चुकीने सिग्नल फक्त दीड टक्का कमी होतो. पण चूक ९० अंशांच्या जवळ गेली तर दोन्ही पारडी रिकामी होतात आणि उरतो तो फक्त गोंगाट. चूक १८० अंशांची झाली तर दोन्ही चिन्हे उलटतात आणि दांडा जिथे आहे त्याच्या अगदी समोरच्या बाजूला तो आहे असे चिपला वाटते.

दुसरी अट अशी की साइन आणि कोसाइन यांचे वाचन एकाच क्षणी झाले पाहिजे. एक माथ्यावर घेतले आणि दुसरे २ मायक्रोसेकंदांनी घेतले, तर दुसरे सुमारे ०.८ टक्के कमी भरते. दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळ्या गजांनी कापड मोजून देण्यासारखेच हे झाले. म्हणून मोटार नियंत्रणाच्या चिपमध्ये दोन किंवा अधिक मोजणी यंत्रे असतात आणि त्या दोघांना एकच इशारा देऊन एकदम चालवतात. हा इशारा मोटारीचा प्रवाह चालू-बंद होण्याच्या क्षणापासून दूर ठेवावा. त्या क्षणी गोंगाट सर्वांत जास्त असतो.

तिसरी गोष्ट, उत्तर शिळे होऊ देऊ नये. ३००० फेरे दर मिनिटाला फिरणारी मोटार १०० मायक्रोसेकंदांत १.८ अंश पुढे जाते. चार जोड ध्रुव असतील तर विजेच्या मापाने ७.२ अंश. म्हणजे वाचलेला कोन आणि प्रवाह सोडतानाचा कोन यांत अंतर पडते. चिपमधला प्रोग्राम वेग पाहून तेवढा कोन आधीच जोडून घेतो. तो हिशेब चुकला तर मोटार संथ गतीला छान चालते आणि वेगात गरम होते.

एका चिपचे उदाहरण

जर्मनीतील इन्फिनिऑन या कंपनीची ऑरिक्स नावाची मायक्रोकंट्रोलरची मालिका आहे, ती मोटारगाड्यांच्या नियंत्रणात वापरली जाते. तिच्या टीसी-३ पिढीत डेल्टा-सिग्मा पद्धतीचे मोजणी यंत्र आहे आणि त्याच्यातच रिझॉल्व्हरची चेतना तयार करणारा भाग जोडलेला आहे. त्याच्यात चौकोनी, त्रिकोणी किंवा साइन असा लहरीचा आकार निवडता येतो. ठोके बाहेर पडतात, बाहेर फिल्टर आणि अँप्लिफायर लावायचा.

परत येणारे दोन सिग्नल दोन वेगळ्या मार्गांनी आत येतात. प्रत्येक मार्गात गाळणी आहे. पुढे चेतनेचे चिन्ह पाहून लहरीचा खालचा भाग वर वळवला जातो आणि मग ठरावीक वाचनांची बेरीज होते. सबंध लहरीची बेरीज घेतल्यामुळे एखाद्या क्षणाचा गोंगाट फारसा लागत नाही. पण चिन्ह वळवण्याची वेळ आणि सिग्नलच्या उशिराची वेळ जुळली पाहिजे. त्यासाठी या चिपमध्ये चिन्ह किती वाचनांनी उशिरा वळवायचे ते आकड्यात लिहिता येते, आणि प्रत्यक्ष उशीर किती आहे ते चिप स्वतः मोजूनही सांगते. मोजलेला आकडा वाचायचा आणि तोच सेटिंगमध्ये लिहायचा. दोन्ही मार्गांची गाळणी आणि बेरीज यांची सेटिंग एकसारखी ठेवायची आणि दोन्ही एकाच इशाऱ्यावर सुरू करायची. नाव कोणत्याही कंपनीच्या चिपचे असो, क्रम हाच राहतो: आधी वारंवारता, मग लहरीची उंची, मग इनपुटचे माप, मग वेळ आणि शेवटी शून्य कोन.

जे काम चिपमधल्या प्रोग्रामला सोपवायचे नसते, त्यासाठी वेगळे तयार कन्व्हर्टरही मिळतात. ॲनालॉग डिव्हायसेसचा एडी-२-एस-१२१० हा असाच एक. तो चेतना स्वतः देतो, २ ते २० किलोहर्ट्‌झच्या दरम्यान, आणि कोन १० ते १६ बिटांत तयार करून देतो. १२ बिट म्हणजे एका फेऱ्याचे ४०९६ भाग.

शून्य कोन हरवला तर?

मोटार उघडताना रिझॉल्व्हरचा स्क्रू सैल केला आणि तो थोडा फिरला, तर सगळी सेटिंग बरोबर असूनही मोटार बिघडते. कारण रिझॉल्व्हरचे शून्य आणि चुंबकाचे शून्य यांतले ठरलेले अंतर बदलते. विजेच्या मापाने १० अंश चूक झाली तर जोर फक्त दीड टक्का कमी होतो, कोणाच्या ध्यानातही येत नाही. ३० अंशांना जोर १३ टक्क्यांनी घटतो. ६० अंशांना निम्मा उरतो. ९० अंशांना मोटार फक्त तापते, फिरत नाही. आणि त्याच्या पुढे गेले तर जोर उलट दिशेने लागतो. नियंत्रण पेटी जितके सावरायला जाते तितकी मोटार बेफाम होते. यात यंत्र मोडते आणि माणसाचा हातही जाऊ शकतो.

म्हणून उघडण्यापूर्वी रिझॉल्व्हरच्या अंगावर आणि मोटारीच्या अंगावर मिळून एक बारीक खूण ओढावी. दांड्याच्या बाजूलाही दुसरी खूण करावी. खूण ओढायला एक मिनिट लागतो. पुन्हा बसवल्यावर पेटीत शून्य शोधण्याची जी सोय असते ती चालवावी. तिच्यात मोटारीच्या वेटोळ्यांत स्थिर प्रवाह सोडून रोटर एका जागी खेचला जातो आणि त्या वेळचा रिझॉल्व्हरचा कोन लिहून ठेवला जातो. हे करताना मोटार यंत्रापासून सुटी असावी, प्रवाहाची मर्यादा कमी ठेवावी आणि दांड्याजवळ कोणी उभे राहू नये.

दोष कसा ओळखावा?

चिप दोन्ही वाचनांचे वर्ग करून त्यांची बेरीज सतत पाहते. साइन ३ आणि कोसाइन ४ असेल तर ९ आणि १६ मिळून २५. दांडा कोणत्याही कोनात असो, ही बेरीज २५ च राहिली पाहिजे. ती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की पडद्यावर फॉल्ट येतो. आता दुरुस्तीवाल्याने पुढीलप्रमाणे विचार करावा.

दांडा हाताने कसाही फिरवला तरी फॉल्ट कायम आणि दोन्ही सिग्नल शून्य, तर चेतनेची जोडी किंवा तिचा अँप्लिफायर पाहा. दांड्याच्या काही कोनांत फॉल्ट येतो आणि काहींत जातो, तर साइन किंवा कोसाइन यांपैकी एक जोडी तुटली आहे. माग चालू असतानाच अधूनमधून येतो, तर केबल जिथे वाकते ती जागा, प्लगच्या पिना आणि केबलच्या जाळीचे अर्थिंग तपासा.

नवा रिझॉल्व्हर बसवल्यापासूनच फॉल्ट आहे, तर गुणोत्तर पाहा. जुना ०.५ चा आणि नवा ०.२८६ चा असेल तर सिग्नल ५७ टक्क्यांवर येतो आणि वर्गांची बेरीज एक तृतीयांशाच्या खाली घसरते. येथे मोटारही चांगली, रिझॉल्व्हरही चांगला आणि पेटीही चांगली. फक्त माप जुळत नाही. मोटार आज्ञेच्या उलट दिशेला कोन दाखवते, तर साइन किंवा कोसाइन यांपैकी एका जोडीच्या दोन तारा उलट लागल्या आहेत. दोन्ही जोड्या उलट लागल्या तर दिशा बरोबर, पण कोन १८० अंशांनी चुकलेला.

पहिली तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. पेटीपासून प्लग काढून तिन्ही जोड्यांचा ओहम मोजा. साइन आणि कोसाइन यांचे आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. कोणतीही जोडी मोटारीच्या लोखंडी अंगाशी जोडलेली नसावी. मेगर लावायचा तर केबल पेटीपासून काढल्याशिवाय लावू नये, नाहीतर चांगली चिप जळेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, वीज बंद केली तरी पेटीतले मोठे कपॅसिटर काही मिनिटे भरलेले असतात. पेटीवर लिहिलेला वेळ जाऊ दिल्याशिवाय आणि मीटरने खात्री केल्याशिवाय हात घालू नये. विजेच्या गाड्यांत तर शेकडो व्होल्ट असतात. तेथे शिक्षण घेतल्याशिवाय झाकण उघडणे हा जिवाशी खेळ आहे.

धंद्याची बाजू

मालकांनी तीन गोष्टी कराव्यात. यंत्र घेताना मोटारीच्या पत्रकाबरोबर रिझॉल्व्हरचे पत्रकही मागून घ्यावे: वारंवारता, व्होल्टेज, गुणोत्तर, पाकळ्या किंवा ध्रुव आणि तारांचे रंग. पेटीतली सेटिंग यंत्र चांगले चालू असतानाच लिहून किंवा लॅपटॉपवर उतरवून ठेवावी, शून्य कोनाच्या आकड्यासह. आणि मोटार बदला असे कोणी सांगितले तर नम्रपणे एवढेच विचारावे, "तिन्ही जोड्यांचे ओहम किती आले?" ज्याने मोजले असेल तो लगेच सांगेल. ज्याने मोजले नसेल त्याला मोजायला लावावे.

मोटार भरणाऱ्या आपल्या कारागिरांनी हे काम परके मानू नये. दोन गुंडाळ्या समान आहेत की नाहीत, इन्सुलेशन टिकले आहे की नाही, तारेची जोडी सुलटी आहे की उलटी, हे ते रोजच पाहतात. त्यात फक्त दोन मार्गांचा ऑसिलोस्कोप, थोडी त्रिकोणमिती आणि पत्रके वाचण्याची सवय यांची भर घालायची आहे. घरातले जे तरुण आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकत आहेत, त्यांना सुट्टीत या दुकानांवर बसवावे. वडिलांच्या बोटांचा अंदाज आणि मुलाचे ऑसिलोस्कोप एका टेबलावर आले तर असे काम गावातच होईल. वाईट मोटार वाईट आणि चांगली मोटार चांगली, एवढे पुराव्यानिशी सांगणारा माणूस कोणत्याही बाजारात उपाशी राहत नाही.